तुमची गाडी माझ्या नावावर

मंगळवार, सकाळी दहा
दुकानातून

साडूभाऊ यांस नमस्कार.

आपली पाठ आता बरी असेल, ताईंचा गुडघा कुरकुरत नसेल आणि दवाखान्यात दात दुखणाऱ्यांची रांग पूर्वीसारखीच दारापर्यंत असेल, असे धरून चालतो. (रांग असेलच. तुमच्या दारात रांग नाही असा दिवस मी गेल्या अठरा वर्षांत पाहिलेला नाही, आणि तो दिसावा म्हणून त्या रस्त्याने मुद्दाम जाऊन आलेलो आहे.) इकडे आम्ही दोघे ठीक आहोत. 'ठीक' हा शब्द फार सैल अर्थाने वापरला आहे, हे पुढे कळेलच.

बातमी तुमच्या कानावर आली असणार. दोन बहिणी दिवसातून दोनदा फोनवर बोलतात. त्यांच्यामध्ये आपण दोघे साडू म्हणजे भिंतीला लावलेल्या खुर्च्या. तरीही मी स्वतः कळवणे उचित आहे. ती पिवळी, दोन दारांची, आठ सिलिंडरची गाडी, जी पाठीच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून तुम्ही सहा महिन्यांपूर्वी जुन्या गाड्यांच्या दलालाला देऊन टाकलीत, ती सध्या माझ्या नावावर आहे. हा निव्वळ योगायोग समजावा. दलालाचा वाचायचा चष्मा तयार झाला होता, तो द्यायला त्याच्या आवारात गेलो, गाडी दिसली, आवडली, घेतली. ती तुमची होती हे मला कागद हातात आल्यावर समजले.

तुम्ही हसत असाल. हसा. ग्रंथालयाच्या सभागृहात 'वेग आणि विवेक' या विषयावर सव्वा तास बोललेला माणूस मीच, याची मला कोणी आठवण करून द्यायला नको; समोरचा औषधवाला रोज सकाळी शटर वर करताना ते काम करतोच. त्या भाषणातला एक शब्दही मी मागे घेत नाही. चाकांवर चढलेला अहंकार माणसाला माणसापासून तोडतो, असे मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो. फरक इतकाच की तेव्हा मी ते रस्त्याच्या कडेला उभा राहून म्हणत होतो आणि आता जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून म्हणतो. ज्या गोष्टीला विरोध करायचा, ती आतून पाहिल्याशिवाय विरोधाला वजन येत नाही. माझे आयुष्यभराचे वाचन मला हेच सांगते. बायको मला वेगळे काही सांगते, पण तो विषय निराळा.

आता खरे काय ते सांगतो. तुमचे-माझे भांडण नाही. भांडण आहे ते आपल्या सासऱ्यांच्या चपलांशी.

आठवून पाहा. चार वर्षे दर रविवारी तुमच्या गाडीचा आवाज कोपऱ्यावरून आला की सासरे हातातले वर्तमानपत्र टाकायचे, चपला शोधायचे आणि दोन जिने उतरून फाटकापर्यंत यायचे. फाटक स्वतः उघडायचे. गाडीला एक प्रदक्षिणा घालायचे, टपावर थाप मारायचे. मी त्या घरी तुमच्याआधी पंधरा मिनिटे पोचलेला असायचो (मी नेहमीच वेळेवर पोचतो, त्याचे कौतुक आजवर कोणाला झालेले नाही), आणि माझ्या वाट्याला वर्षानुवर्षे काय आले? खुर्चीतून, वर न पाहता, तीन शब्द: "दार लोटून घ्या." जावई झालो त्या महिन्यापासून मी ते दार लोटून घेतो आहे. मी विचारतो, दात उपटणारा आणि दृष्टी देणारा यांत समाजाने कोणाला घ्यायला फाटकापर्यंत यावे? लोकांना दिसते ते माझ्यामुळे, आणि त्यांना दिसता तुम्ही.

म्हणून गेल्या रविवारी, तुम्ही गावाला गेला होतात तेव्हा, मी गाडी घेऊन निघालो. कोपऱ्यावर गिअर बदलला, आवाज काढला. सासरे आले. साडूभाऊ, ते खरोखर आले. एका पायात एक आणि दुसऱ्यात भलतीच चप्पल घालून, धापा टाकत, फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभे राहिले. मी काच खाली केली. त्यांनी मला पाहिले, माझ्या पलीकडे पाहिले, जिथे त्यांची धाकटी मुलगी त्या खोल सीटमधून बाहेर पडायला दाराचा, डॅशबोर्डचा आणि माझ्या कॉलरचा आधार घेत होती, आणि म्हणाले, "अरे, तुम्ही होय? मला वाटलं थोरले आले." मग वळून जिना चढू लागले. मी मागोमाग वर पोचलो तर ते खुर्चीत होते. "दार लोटून घ्या," म्हणाले.

बरे, गाडी तरी माझी आहे का? तिथेही तुम्हीच. सीटला तीन बटणे आहेत, ते तुम्हाला माहीतच आहे. एक नंबरचे बटण चुकून दाबले गेले की सीट आपणहून मागे सरकते, खाली जाते, पाठ कलते, आणि तुमच्या लांब तंगड्यांसाठी जागा करून देते. मी खिडकीखाली दिसेनासा होतो. परवा बँकेच्या चौकात सिग्नलला हे झाले आणि मागच्या रिक्षावाल्याने उतरून गाडीत कोणी आहे की नाही ते पाहिले. मी माझी मापे दोन नंबरवर बसवली आहेत. एक नंबर पुसता येत नाही. दर सकाळी गाडी सुरू केली की पडद्यावर अक्षरे येतात: डॉक्टरांचा फोन सापडत नाही. मग ती अर्धा मिनिट शोधते. साडूभाऊ, ती रोज सकाळी तुम्हाला शोधते आणि मी आत बसून वाट पाहतो. एवढी वाट माझ्यासाठी माझ्या दुकानाच्या गिऱ्हाइकांनीही कधी पाहिलेली नाही.

मेकॅनिककडे गेलो. त्याच्या वहीत पान आहे 'डॉक्टरांची गाडी' या नावाचे. मी म्हटले, नाव बदला. तो म्हणाला, "बदलतो की साहेब," आणि त्याच पानावर पुढच्या ओळीत लिहू लागला. इंजिन ऐकताना डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी हळहळत म्हणाला, "डॉक्टर हिला आधी गरम होऊ द्यायचे. दहा मिनिटं नुसते गप्पा मारत बसायचे, मग काढायचे. तुम्ही घाई करता." मी घाई करत नाही. माझे दुकान ते मंडई हे अंतर सात मिनिटांचे आहे. दहा मिनिटे गरम करून सात मिनिटे चालवायची, तर मी चालतच जाईन. पण तसे म्हणायची सोय तुम्ही ठेवलीत कुठे?

कारण तुम्ही आता चालता. हा तुमचा सर्वांत मोठा अन्याय आहे आणि यावर मी अजून पुरेसे बोललेलो नाही. पाठीसाठी का होईना, तुम्ही सहा महिने सगळीकडे पायी जाता, हातात कापडी पिशवी असते, आणि सारे गाव म्हणते, पाहा, एवढा मोठा डॉक्टर, पण किती साधा. सासरे म्हणतात, थोरल्यांनी गाडी सोडली, त्याला मन लागतं. अहो, मी बावीस वर्षे पायी चालत होतो. कापडी पिशवी माझीच होती. तेव्हा ते साधेपण नव्हते, तेव्हा त्याला 'धाकट्यांचं जरा बेताचंच आहे' असे नाव होते. मी तुमच्या पाठोपाठ वैभवाच्या खोलीत शिरलो आणि पाहतो तर तुम्ही दिवा घेऊन बाहेर गेलेले.

बाकी गाडीचे गुण तुम्ही जाणताच. दुकानासमोरच्या गतिरोधकावर तिचे पोट घासते, तेव्हा शिंप्याच्या दुकानातले सगळे सुई थांबवून पाहतात. मागे सामान ठेवायच्या जागेत माझी चष्म्याच्या फ्रेमांची एक पेटी बसते, झाकण उघडे ठेवून. डॅशबोर्डवर एक नारिंगी दिवा कधी लागतो, कधी विझतो. मेकॅनिक म्हणतो तो काही सांगत नाही, नुसता लागतो. (मला हा स्वभाव ओळखीचा वाटला.) तरीही दुकानात बसल्या बसल्या शोकेसच्या काचेत ती पिवळी दिसते, आणि गिऱ्हाइकाला अक्षरांच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचायला सांगून मी तिच्याकडे पाहत राहतो. एका गृहस्थांनी ती ओळ चारदा वाचली.

एकच गोष्ट खटकते. शेजारच्या सीटकडच्या दारावरचा तो ओरखडा. तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या फाटकाशी गाडी उभी असताना पडलेला, वीतभर लांब. वरच्या मजल्यावरचे मोजणीकाका आठवतात ना, जमीन मोजणीतून निवृत्त झालेले, सासऱ्यांबरोबर रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळणारे? त्यांची सायकल जवळच होती, म्हणून तुम्ही त्यांना धरलेत. ते बिचारे टेप घेऊन आले, हँडल आणि ओरखडा यांच्या उंचीत चार बोटांचा फरक आहे हे त्यांनी सर्वांदेखत मोजून दाखवले. तुम्ही ऐकले नाही. मीही तेव्हा दिवाणखान्यात उभा राहून पंचवीस मिनिटे बोललो होतो. दुसऱ्याचा आनंद न सोसणाऱ्या कोत्या मनांविषयी. भाषण चांगले झाले होते. त्या दिवसापासून काका खेळायला खाली उतरलेले नाहीत. सासरे आता दोन्ही बाजूंनी एकटेच खेळतात, एक चाल खेळून पट फिरवतात, आणि हरले की दोघांवरही चिडतात. मी एकदा समोर बसून पाहिले. अकरा चालींत त्यांनी माझे प्यादे उचलून मला परत दिले आणि म्हणाले, "राहू द्या."

असो. पत्र लांबले. ताईंना नमस्कार. पाठ सांभाळा, वाकून दात काढू नका, रुग्णालाच थोडे वर घ्या.

आपला,
धाकटा साडू

ता. क. पेंटरला गाडी दाखवली. तो म्हणतो, हा पिवळा रंग कंपनीने बंद केला. दुसरा कुठला लावला तर दारावर चिकटपट्टी मारल्यासारखे दिसेल. तुम्ही त्या वेळी कंपनीकडून याच रंगाची नखाएवढी बाटली मागवली होती, झाकणाला ब्रश असलेली, आणि 'पुरावा पुसायचा नाही' म्हणून ती तशीच कपाटात ठेवली होती. ती पाठवावी. खरे तर पत्र तेवढ्यासाठीच होते. पायी चालणाऱ्या माणसाला पिवळ्या रंगाचा काय उपयोग?

ता. क. २. वरचा मजकूर बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पेंटर अजून काय म्हणाला, ते लिहा." लिहितो. पेंटरने ओरखड्यावरून नख फिरवले आणि म्हणाला, "साहेब, हे सायकलचं काम नाही. सायकल रुंद घासते. हे बारीक पात्याचं आहे, घड्याळवाल्याकडे असतो तसल्या स्क्रू-ड्रायव्हरचं." मग त्याने माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिले. माझ्या खिशाला काय लावलेले असते हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्याही चष्म्याची दांडी मी त्यानेच आवळतो.

त्या रविवारी सासऱ्यांचा चष्मा सैल झाला होता. मी फाटकाशी उभा राहून तो नीट केला, त्यांच्या नाकावर बसवला. नीट दिसू लागल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर स्वतःच्या रुमालाने तुमच्या गाडीची काच पुसली आणि तुमचा हात धरून वर गेले. मी मागे राहिलो. स्क्रू-ड्रायव्हर हातात होता. दोन सेकंदांचे काम. पंचवीस मिनिटांचे भाषण त्यानंतरचे. आणि दलालाच्या आवारात पिवळ्या गाड्या दोन होत्या. तुमची कोणती हे मी कागदावरून नाही, ओरखड्यावरून ओळखले. हे बायकोला सांगायला मी तीन वर्षे शब्द शोधत होतो. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. दोषी नसतात ती माणसं पाच मिनिटांत थांबतात."

ता. क. ३. काल मोजणीकाका दुकानात आले होते. चष्म्याचा स्क्रू पडला होता. मी त्याच हत्याराने नवा बसवला. ते पैसे काढू लागले, मी नको म्हटले, तर त्यांना नवल वाटले. जाताना पायरीवर थांबून त्यांनी विचारले, "खेळतात का हो अजून?" मी सांगितले, एकटेच खेळतात. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

तर येत्या रविवारी बाटली घेऊन या. पाठवू नका, या. आधी आपण दोघे वरच्या मजल्यावर जाऊ. बोलणार मी आहे, तीन वाक्ये. चौथ्याला बायकोने बंदी केली आहे. तुम्हाला जे बोलायचे ते तुम्ही मला फाटकाशी बोला, सासऱ्यांसमोर बोललात तरी चालेल. काका खाली उतरले की मग ओरखडा भरू. ब्रश मात्र मी धरणार. तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे हे मला माहीत आहे, आणि त्या वेळी सासरे चपला घालून शेजारी उभे असणार.