‘उपयोग नाही’ लिहिलेला कॉलम

सर,

ज्याच्या खोक्यावर तुम्ही लाल पेनाने ‘उपयोग नाही’ लिहून ठेवलं होतं, तो फिनाइल कॉलम चालतो. नुसता चालत नाही, झकास चालतो. सोमवारी सकाळी मी त्याच जातीचा नवा कॉलम घटक वेगळे करायच्या मशीनला लावला आणि आपल्या त्या जुन्या औषधाचा नमुना सोडला. वीस वर्षं आपण आलेखावर जो एकच सुळका पाहत आलो, त्याचे दोन झाले, आणि मधली दरी थेट तळापर्यंत गेली. सहा वेळा सोडला, सहाही वेळा दोनच. खात्री असल्याशिवाय मी तोंड उघडत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. आता खात्री आहे.

एका नव्या ग्राहकाने विचारलं होतं की या औषधात त्याचा आयसोमर मिसळलेला असला तर तुम्हाला तो वेगळा दिसतो का. दोघांतले अणू तेच, वजन तेच. फक्त एकाचा फ्लोरिन कड्याच्या एका कोपऱ्यावर बसलेला, दुसऱ्याचा शेजारच्या. असली जोडी कशी फोडायची हे तुम्हीच मला शिकवलंत. वसई पूर्वेच्या त्या पत्र्याच्या शेडमधली आपली प्रयोगशाळा, मी नोकरीला लागून आठवडाही झालेला नाही, आणि तुम्ही स्टुलावर बसून तुमच्या केळीच्या वाडीतली सुकेळी माझ्यापुढे सरकवत आहात. चिडलात किंवा खुशीत आलात की तुमची घरची बोली बाहेर पडायची. “कॉलम म्हंजे नुसती नळी नाय गो. आतल्या पावडरीला सोभाव असतो. आपला रोजचा कॉलम, सी-एटीन, तो तेलकट. जो जास्त तेलकट त्याला तो धरून ठेवनार, बाकीच्यांना आधी सोडनार. पन दोघं सारखेच तेलकट असले तर?” एकदमच बाहेर येतील, मी म्हणाले. “मग भांडत नाय बसायचं. कॉलम बदलायचा.” इतकं सोपं मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. मी विरारला घरी जाऊन आईला तसंच्या तसं सांगितलं, तिला त्यातलं काही कळलं नाही, तरी तिने ती सुकेळी मात्र आवडीने संपवली.

या औषधासाठी तुम्ही सी-एटीन काढून फिनाइल लावून पाहिलात, तो कॉलम बरोबरच बदललात. फिनाइलच्या पावडरीत स्वतःचीच कडी असतात, त्यामुळे समोरच्या कड्यावर फ्लोरिन कुठे आहे हे त्याला कळतं. चुकलं ते सोबतच्या द्रावणात. आपण वापरायचो ते अ‍ॅसिटोनायट्राइल दोघांच्या मधेच घुसून बसतं आणि त्या कड्यांची एकमेकांशी ओळखच होऊ देत नाही. तिथे मिथेनॉल लागतं. पण आपल्याकडे मिथेनॉलवर बंदी होती. पाणी मिसळलं की ते दाट होतं, दाब चढतो, आणि आपला म्हातारा पंप मान टाकतो, म्हणून तुम्ही मशीनवर चिठ्ठीच चिकटवली होती. पुढे नवे पंप आले, वाट्टेल तेवढा दाब सोसणारे. चिठ्ठी गेली, सवय राहिली. तुमच्यानंतर मी विभागप्रमुख झाले तरी मिथेनॉलची बाटली त्या मशीनजवळ नेली नाही. इतकी शिकलेली माणसं आपण, आणि एका पंपाच्या दुखण्याला रसायनशास्त्र समजून बसलो.

काळजी करू नका, राखून ठेवलेले सगळे जुने नमुने मी पुन्हा तपासले. दुसरा आयसोमर आहे, पण नखाएवढा, मर्यादेच्या पुष्कळ आत. कुणाला काही झालेलं नाही. अडलंय ते चौकशीच्या अहवालात. चूक कुणाची, ते एका ओळीत लिहावं लागतं. आमचे व्यवस्थापक काल माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “मॅडम, सिंपल आहे ना. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी कॉलम चुकीचा रिजेक्ट केला, असं टाका. सर तर आता नाहीत. त्यांना काय फरक पडतो?” माणूस वाईट नाही, त्याला विषय मिटवायचाय. पण मला इतका राग आला की मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले. तुम्हाला फरक पडला असता. सही करण्याआधी चष्मा पुसणारे तुम्ही.

आणि ती ओळ खोटीही आहे. ते फक्त मला माहीत आहे.

तुम्ही त्या खोक्यावर लाल पेन चालवलंत त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. तो कॉलम अजून मशीनलाच होता. मी घाईत बाटली बदलताना चुकून मिथेनॉल लावलं आणि त्याच औषधाचा नमुना सोडला. दाब चढला, पंप किंचाळायला लागला आणि तुम्ही आतून धावत आलात. “मिथेनॉलला हात लावला कोनी? डोळे फुटले काय?” सगळ्यांसमोर. मी रडकुंडीला आले. तुम्ही पंप बंद करून निघून गेलात. पण तोवर नमुना बाहेर पडला होता, सर. कागद छापून आला होता, आणि त्यावर दोन सुळके होते.

मी ते पाहिले. स्वच्छ पाहिले. माझ्या चुकीतून आलेलं काही खरं असेल असं मला वाटलंच नाही, आणि पुन्हा बोलणी खायची हिंमत नव्हती. मी कागद मशीनमधून फाडून घेतला आणि डब्याच्या पिशवीत कोंबून घरी नेला. पुढे कळायला लागलं तेव्हाही गप्प राहिले. तुम्ही अंथरुणाला खिळलेले असताना मी सांगायचं ठरवूनच आले होते. तुम्ही बायकोला हाक मारून म्हणालात, “ये बघ, हिच्या कागदावर मी न वाचता सही करायचो.” मी ते न सांगताच घरी परतले.

आज दुपारी मी त्या ओळीत माझं नाव लिहिलं. व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला, पण सही झाली आहे. माझं काय करायचं ते करू देत. काम मला येतं, मी कुठेही उभी राहीन. खंत त्याची नाहीच. तो कागद मी तेव्हा तुमच्या हातात दिला असता, तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नसतात, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने मिथेनॉल लावलं असतं. मी तुम्हाला ओळखलं नाही, सर. तुम्हाला बरोबर असण्यापेक्षा खरं काय ते हवं असायचं, आणि मी नुसती तुमच्या ओरडण्याला घाबरले.