पाहुण्यांची शेगडी

४ जानेवारी, शुक्रवार

पुन्हा तेच! कॉम्प्युटरचं बटण दाबलं, आत पंखा फिरला, स्क्रीन काळीच. बंद केला, पुन्हा दाबला. एक बारीक शिट्टी, मग सगळं गप्प. पाहुण्यांच्या खोलीत इतका गारठा की माझी बोटं वळेनात. आई दर शुक्रवारसारखी कॅमेऱ्यासमोर शाल पांघरून, हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखी बसलेली. सुरू झाला एकदाचा, तोपर्यंत धाकटा भाऊ हाझेम तिकडे स्वीडनमध्ये वाट बघून कामाला निघून गेला होता.

"तू नीट दाबत नाहीस," आई म्हणाली. "तो दाबायचा तेव्हा लगेच चालायचा."

तो सुट्टीवर येऊन दाबायचा तेव्हा ऑगस्ट होता, आई! – हे मनातच म्हटलं.

५ जानेवारी

हाझेमचा फोन. आईला फोनवर ऐकू येत नाही. "जेवलास का?" एवढं ओरडते आणि फोन माझ्या हातात देते. तिला तोंड बघायचं असतं त्याचं – तोंड बघितलं की सगळं कळतं म्हणे. ती स्वयंपाकघरात गेल्यावर हाझेम हळूच म्हणाला, "ताई, मी इथंच घर घेतोय. आता परत यायचं नाही, ठरलं. आईला मीच सांगणार, समोरासमोर. तू फक्त कॉम्प्युटर चालू कर."

फक्त!

दोन वर्षांसाठी गेला होता. सात झाली. आई अजून दर वसंतात त्याची गादी गच्चीवर उन्हात घालते. आणि मी आता हे पोटात ठेवून तिच्याशेजारी मसूर निवडत बसायचं.

८ जानेवारी

शाळा सुटल्यावर निदालच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात. कॉम्प्युटर मांडीवर घेऊन टॅक्सीने गेले. तिथं पहिल्याच दाबात सुरू! निदाल शेगडीवर हात शेकत हसला – "मिस, याला काही झालेलं नाही. लाडावलाय."

घरी आणला. मेला.

११ जानेवारी, शुक्रवार

नाही. केस वाळवायच्या मशीनची गरम हवा आत सोडून बघितली – घरातले दिवेच गेले. अंधारात आई म्हणाली, "त्याला सांग, मी बसले होते."

खरं लिहू? मला जरा बरंच वाटलं. अजून एक आठवडा तिला काही कळणार नाही.

१५ जानेवारी, मंगळवार

सल्तहून मावशी आली, दोन्ही सुनांना घेऊन. आईने पाहुण्यांच्या खोलीतली मोठी शेगडी पेटवली, कडू कॉफी केली, पहिला कप मावशीला. तासाभराने धाकटी सून म्हणाली, हाझेमचे फोटो दाखव ना. मी काही आशा न ठेवता बटण दाबलं.

सुरू झाला! लगेच! मला सगळ्यांसमोर रडू आलं. मावशीला वाटलं, भावाच्या आठवणीने.

म्हणजे रोग हा आहे. थंडी. निदालच्या दुकानात शेगडी होती. आमच्या त्या खोलीत कोणी राहतच नाही – पडदे ओढलेले, सोफ्यावर प्लास्टिक. चांगली वस्तू चांगल्या खोलीत, म्हणून हाझेमने तिथं मांडला, गल्लीत सगळ्यांनी तसंच केलं. इंटरनेटची वायरही तिथंच आणली. आम्ही दोघी मात्र हिवाळाभर आतल्या खोलीत, छोट्या शेगडीला चिकटून.

सोपं आहे मग. शुक्रवारी शेगडी पेटवायची!

१८ जानेवारी, शुक्रवार

सोपं? हात टेकले!

सकाळीच जाऊन पेटवली. आई मागून आली, विझवली.

"कोण येणार आहे?"

"कोणी नाही. हाझेमसाठी. खोली गरम झाली की –"

"हाझेम पाहुणा आहे का?"

"आई, मशीनला थंडी वाजते!"

"मग मशीनला स्वेटर घाल. माझ्या पोटच्या मुलासाठी मी पाहुण्यांची शेगडी पेटवू? शेजारची खिडकीतून बघेल आणि म्हणेल, उम्म हाझेमचा हाझेम आता पाहुणा झाला."

रॉकेलचा डबा उचलून घेऊन गेली. मी थोरली असून तिला सगळे ओळखतात त्याच्या नावाने – उम्म हाझेम, हाझेमची आई.

२१ जानेवारी

कॉम्प्युटर आतल्या खोलीत न्यायला गेले. वायर पोचत नाही.

गरम पाण्याची पिशवी टेकवून ठेवली. संध्याकाळी बघते तर आईने त्याच्यावर हाझेमचं पांघरूण घातलेलं, चहूबाजूंनी नीट खोचून. सुरू झाला नाहीच. पांघरूण मी काढलं नाही.

२३ जानेवारी

निदाल घरी आला. खोलीत पाऊल टाकलं तर त्याच्या तोंडातून वाफ. "मिस, इथं मीसुद्धा सुरू होणार नाही!" आतला एक भाग फुगलाय म्हणाला, गारठला की काम करत नाही. नवा अम्मानहून मागवावा लागेल. "तोपर्यंत शेगडी लावा, उम्म हाझेम." आईने त्याला चहा दिला. आतल्या खोलीत.

२५ जानेवारी, शुक्रवार

नाही. हाझेमचा फोन – "ताई, इथं उणे बारा आहे आणि माझा चालतो!" मी संतापले. मग तो म्हणाला, "तूच सांगून टाक ना."

नाही सांगणार. का मीच नेहमी?

३० जानेवारी

बर्फ. शाळा बंद, अम्मानचा रस्ता बंद, तो भाग तिकडेच अडकलेला. दिवसभर दोघी शेगडीपाशी चेस्टनट भाजत बसलो. आईने एक सोललं आणि हातातच धरून ठेवलं.

"तिकडे घरं लाकडाची असतात का गं?"

मी शेगडीवरची चेस्टनट उलटवली. "असतील," म्हटलं.

तिने सोललेलं चेस्टनट मला दिलं.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

उठले तर पाहुण्यांची खोली उघडी. मोठी शेगडी पेटलेली. सोफ्यावरचं प्लास्टिक काढलेलं. आई ठेवणीतला भरतकामाचा झगा घालून बसलेली, आणि कॉफीचा पहिला कप कॅमेऱ्यासमोर.

"कोण येणार आहे, आई?"

"हाझेम," ती म्हणाली. "पाहुण्याला गार खोलीत बसवतात का?"

पहिल्याच दाबात सुरू झाला.