खोलीचं मार्जिन

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर आलं नाही म्हणून तू रुसल्याचं भाऊजींकडून कळलं. अगं, रुसायलाही ताकद लागते. व्हीलचेअर खाली ठेवून जिना चढून घरात आले की मी संपते.

तू लिहितेस, आमच्याकडेच राहायला ये, डोळ्यांपुढे आण, आमची मागची खोली, खिडकीशी पलंग, त्यावर तू आरामात पडली आहेस. आणते गं, पण काहीच येत नाही. डॉक्टर म्हणाले, मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये कुणाकुणाचं असंही होतं. मागचं नीट आठवत नाही आणि पुढचंही रंगवता येत नाही. आपण नदीवर पोहायला जायचो हे मला ठाऊक आहे, पण पुस्तकात वाचल्यासारखं. पाणी दिसत नाही, तूही दिसत नाहीस.

शिलाईच्या कारखान्यातही तेच. पूर्वी गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की शिवून झालेला कोट मला दिसायचा. आता कापड म्हणजे नुसतं कापड. परवा मालकांनी मोठं काम दुसऱ्या कटरला दिलं. वाईट वाटलं, आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं.

भीती एकच आहे. तुझ्याकडे येऊन राहील ती मीच असेन, की माझे कपडे घातलेली दुसरीच कुणी?

खोलीची मापं पाठव. आखून बघते.

लोभ आहेच, रुसवा तेवढा सोड.

तुझी,
मुंगी

१९ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. इतके दिवस सांगायला काय झालं होतं तुला? मला वाटलं, बाईसाहेबांना आमचं घर नको.

मापं सोबतच्या कागदावर आहेत. टेपचं दुसरं टोक धरून हे सारखे विचारत होते, भिंतीला सदरा शिवायचाय का.

मीही थकलेय गं. सासूबाईंचं सगळं करता करता कंबर गेली. पण रोज संध्याकाळी तू जिन्यात पडलेली मला दिसतेस. तुला काहीच दिसत नाही आणि मला नको ते दिसतं. एकदाचं काय ते ठरव.

जिवाला जप, चिडकीवर राग धरू नकोस.

तुझी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी मालकांनी कारखान्याची किल्ली दिली. दुसऱ्या कटरने टेबलं बाजूला सारली आणि आम्ही फरशीवर खडूने तुझी खोली आखली, अगदी खऱ्या मापाची. पलंग, कपाट, खिडकी, दार, सगळं. माझी चाकांची खुर्ची दारातून अलगद आत गेली, पलंगाशी वळलीसुद्धा. दुपारभर तिथे बसून राहिले. दिसलं काही नाही, पण हात लांब केला की खिडकी कुठे लागेल ते कळलं. एवढी ऐसपैस खोली तुमच्याकडे आहे हे मी साफ विसरले होते बघ.

उत्तर अजून देववत नाही. थोडा धीर धर आणि माया आटू देऊ नकोस.

तुझी,
मुंगी

११ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

अगं बाई, घोटाळा झाला! लहानपणी मी कापड कापायला घेतलं की शिवणीपुरतं मार्जिन सोड, मार्जिन सोड म्हणून तूच माझं डोकं खायचीस. म्हणून खोलीच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच धरून लिहिले. दारालाही! मला वाटलं, तू ते वजा करशील. हे हसून हसून ठसक्याने बेजार झाले.

मग हसू थांबलं, कारण खऱ्या दारातून तुझी खुर्ची जात नाही. सुताराला बोलावलंय, चौकट काढून दार रुंद करतो. खुर्ची वळावी म्हणून कपाटही बाहेर काढतो.

एक विचारू? खडूच्या खोलीत मी कुठे होते?

वाट पाहतेय.

तुझी,
ताई

१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू नव्हतीस. कपाटसुद्धा आखलं, पण तुला आखायचं सुचलंच नाही.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की खालच्या मजल्यावरची बाई धावत वर आली. तिला सांगितलं, माझ्या बहिणीने भिंतींना मार्जिन सोडलं. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटेना. मला मात्र हसू आवरेना. मग लक्षात आलं, आत्ता हसतेय ती मीच आहे, दुसरी कुणी नाही.

ती खोली मला अजून दिसत नाही, पुढेही दिसेल असं नाही. पण तुला मी तिथे दिसते ना? तेवढ्यावर येते.

भाऊजींना नमस्कार. आणि हात जोडते, सुताराला माप तू देऊ नकोस.

तुझी,
मुंगी