मालकांच्या तोंडातला टॉवेल

तीर्थरूप ताईस साष्टांग नमस्कार. (गुडघा धरलाय, त्यामुळे अष्टांगांपैकी सातच पोचले असं समज.) भाऊजींचा खोकला कसा आहे? इकडे सगळे ठणठणीत.

माझ्याबद्दल तुझ्या कानावर काहीबाही आलं असेल. ते सगळं खरं आहे आणि मला त्याचा काडीचाही पश्चात्ताप नाही. आमची कंपनी कपडे वाळत घालायचे चिमटे बनवते, हे तुला ठाऊक आहेच. (हसू नकोस. चिमटे नसते तर भाऊजींचे सदरे शेजाऱ्यांच्या छपरावर दिसले असते.) यंदा आम्ही वादळातही न सुटणारा चिमटा तयार केला आणि बातमी फुटू नये म्हणून मालकांनी मला गोपनीयता अधिकारी नेमलं. मी खिडक्यांना कागद चिकटवले, जेवताना कामाचं बोलायला बंदी घातली. लोक मला ‘कुलूप’ म्हणू लागले. म्हणोत बापडे!

आणि खुद्द मालक? गेल्या आठवड्यात मी सलूनमध्ये नंबर लावून बसलो होतो. मालक खुर्चीत, गालभर फेस, आणि न्हाव्याला रंगवून सांगताहेत, “त्याचं काय आहे, सगळी करामत स्प्रिंगच्या...” शेजारच्या खुर्चीत तोंडावर ओला टॉवेल घेऊन एक गृहस्थ पडले होते. त्या टॉवेलखालून एक कान हळूहळू बाहेर आला, मग मिशी आली, आणि मिशी मी ओळखली. आमच्याशी स्पर्धा करणाऱ्या कंपनीचे विक्री व्यवस्थापक! मी खाकरलो, डोळे वटारले. मालक आपले सुटलेलेच. शेवटी मी तोच टॉवेल ओढला आणि मालकांच्या तोंडात कोंबला. (वस्तरा थोडक्यात हुकला, हे मान्य.)

“तुला कामावरून काढतो!” मालक फेस थुंकत ओरडले.

“काढा. पण आधी तोंड मिटा,” मी म्हणालो.

काढलं. माफीनामा लिहून दिला तर परत घेतील म्हणे. बोटं झडली तरी लिहिणार नाही! स्प्रिंगच्या पुढचा शब्द त्या मिशीला अजून कळलेला नाही, तो माझ्यामुळे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. खरं काम असं, की हिला यातलं अक्षरही माहीत नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि बागेत बसतो. तू चार दिवस येऊन तिला बेताबेतानं सांगशील का? माझी छाती होत नाही.

आणखी ता. क. वन्सं, हे मी लिहितेय, ह्यांची बायको. पाकीट न चिकटवताच टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय. न्हाव्याच्या बायकोनं मला त्याच दुपारी सगळं सांगितलं होतं. बागेत भूक जास्त लागते, म्हणून डबा मोठा केलाय. तुम्ही जरूर या. पण ह्यांना माफी मागायला लावणार असाल, तर येऊ नका.