पाहुण्या पेट्या

३ फेब्रुवारी

तीच पेटी! डोळे फुटलेले नाहीत माझे.

आज सातव्या दवाखान्यात नवजात बाळांचा कक्ष उघडला. फीत कापली, टाळ्या झाल्या, आत गेले. कमी वजनाच्या बाळांसाठीच्या चार काचेच्या पेट्या ओळीनं मांडलेल्या. दुसरीच्या झाकणाला तडा, आणि तड्यावर चिकटपट्टीची फुली. ती फुली मीच मारली होती — डिसेंबरात, इथून चारशे किलोमीटरवरच्या दवाखान्यात! आमचे हे पंतप्रधान होण्याआधी एकोणीस वर्षं नर्स होते मी. तडा दिसला की हात आपोआप पट्टीकडे जातो.

तिथल्या सिस्टरला हळूच विचारलं. दाराकडे बघत म्हणाली, "पाहुण्या आहेत, मॅडम. तुम्ही गेलात की त्याही जाणार."

म्हणजे माझ्याआधी ट्रकनं पेट्या येतात आणि माझ्यामागून निघून जातात. इतक्या गावांच्या तोंडाला पानं पुसली, तीही माझ्या हातानं!

४ फेब्रुवारी

आमचे सचिव. पँटची घडी कधी मोडत नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना इस्त्री म्हणते. विचारलं, हा उद्योग कुणाचा? "माहिती मागवतो, मॅडम."

मी किती मूर्ख! गेल्या वर्षी पहिला कक्ष उघडला तेव्हा आत फक्त फुलदाण्या होत्या. तेव्हा इस्त्रीला असं झापलं होतं की बिचाऱ्याच्या हातातली फाईल पडली. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी पेट्या दिसायला लागल्या आणि मी खूश — ओरडल्याशिवाय इथं काही हलत नाही म्हणून!

नाश्त्याला यांना सांगितलं. कागदातून मान वर न करता म्हणाले, "निवडणूक होऊ दे, मग बघू."

"बाळं निवडणुकीसाठी थांबत नाहीत."

"तू फीत काप ना. बाकीचं बघायला माणसं आहेत."

चहा तसाच टाकून उठले.

७ फेब्रुवारी

इस्त्री अजून माहिती मागवतोच आहे.

९ फेब्रुवारी

डिसेंबरातल्या त्या दवाखान्याच्या मेट्रनला फोन केला. माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी. आधी आढेवेढे घेतले. मग रडायलाच लागली.

त्या दिवशी त्यांनी पेटीत खरोखरचं बाळ ठेवलं होतं. बाराशे ग्रॅमची मुलगी. पेट्या आता आपल्याच, असं वाटलं त्यांना. का वाटू नये? मीच तर माईकवरून सांगितलं होतं! संध्याकाळी ट्रक आला. "आम्ही म्हटलं, निदान ही एक राहू द्या. म्हणाले, वरून आदेश आहे, चारही उद्या पुढच्या गावी पोचल्या पाहिजेत." बाळाला कापसात गुंडाळून आईच्या छातीशी दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं.

त्याच बाळाबरोबर माझा फोटो आहे. दिवाणखान्यात लावलेला. पेटीच्या झरोक्यातून हात घालून मी तिचा तळवा धरला आहे. आणि हसते आहे!

फोटो उतरवला. सासूबाई म्हणाल्या, "का गं काढलास? छान आली होतीस त्यात. भिंत भुंडी दिसतेय."

दिसू दे.

१२ फेब्रुवारी

आज कडाक्याचं भांडण. यांना स्पष्ट सांगितलं — सोळा तारखेला आठवा कक्ष आहे, मी जाणार. फीत कापणार नाही. माईक घेणार, पेट्यांची गोष्ट सांगणार, आणि ज्याच्या सहीनं ट्रक फिरतो त्याचं नाव वाचणार.

"आणि त्या माणसाचं पुढे काय?"

"त्यानं त्या आईसमोर उभं राहावं. एवढंच."

"तुझ्या रागाला काही मोजमाप आहे का?"

आहे. बाराशे ग्रॅम.

सासूबाई मध्ये पडल्या. मला वाटलं, आता लेकाची बाजू घेणार. तर त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "बोलू दे तिला."

१४ फेब्रुवारी

इस्त्रीला समोर बसवलं. "मला माहिती नको. ट्रकच्या आदेशावरची सही हवी. उद्या दहाच्या आत."

"मॅडम, राहू द्या ना."

"कुणाला पाठीशी घालताय?"

फायली गोळा करून उठला. जाताना दारात थांबला, काहीतरी बोलणार होता. मी हातानंच जा म्हटलं. असल्या माणसांची मला शिसारी येते. डिसेंबरातल्या मेट्रनला आणि त्या आईलाही परवा बोलावून घेतलं आहे. पहिल्या रांगेत बसवणार.

१५ फेब्रुवारी

दहाला पाच कमी असताना फाईल आली. आत एकच कागद. गेल्या वर्षीचा, फुलदाण्यांच्या दिवसाचा. अक्षर माझं.

"यापुढे मी जिथे जाईन तिथे पेट्या दिसल्याच पाहिजेत. कशा आणायच्या ते तुमचं तुम्ही बघा. सबबी ऐकणार नाही."

खाली माझी सही. त्याखाली इस्त्रीचा शेरा : "चार उपलब्ध. आदेशाप्रमाणे व्यवस्था केली."

उद्या नाव वाचायचं आहे. ती आई पहिल्या रांगेत असेल.