खाटेपुरती गच्ची

बाबा, गच्ची रिकामी करायला घेतली आहे. पुढच्या आठवड्यात सोलर पॅनेल बसवायला माणसं येणार आहेत, त्याआधी वरचं सगळं हलवा म्हणून त्यांनी बजावलंय. फुटक्या कुंड्या, जुनी डिश, कपड्यांच्या दोऱ्या आणि तुमचे वॉटरप्रूफिंगचे रिकामे डबे आज एकटीने खाली आणले. ते डबे तुम्ही कशासाठी जपून ठेवले होते, देव जाणे. कंबर धरलीय. तुमची लोखंडी खाट तेवढी अजून वर आहे.

नवीन पनवेलच्या आपल्या ओळीत पत्रा नसलेली गच्ची आता आपली एकटीच. बाकीच्यांनी गळतीला कंटाळून कधीच शेड घातल्या. आईही दर वर्षी तगादा लावायची, आणि तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणायचात, "दिवसभर कळंबोलीला पत्र्याखाली भाजून निघतो. घरी तरी डोक्यावर पत्रा नको." मग मे महिन्यात स्वतःच ब्रश घेऊन भेगा बुजवायला बसायचात, आणि जुलैत आई माझ्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी बादली आणून ठेवायची. संध्याकाळी तुम्ही कामावरून येता, अंगाला गोदामातल्या लोखंडाचा वास असतो, हातपाय धुता आणि सरळ वर जाता. मी चहा घेऊन येते तर तुम्ही खाटेवर उताणे, चपला खाटेखाली नीट जोडीने. "ठेव तिकडे," एवढंच म्हणता. त्यानंतर तासभर तुम्हाला कुणी हाक मारायची नाही, हा घरातला नियम. मला त्या नियमाचा फार राग यायचा.

तुमच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं, भटजी घड्याळाकडे बघायला लागले. दादा पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळा फांदीवरून हलला नाही. काकांनीही काय काय कबूल करून पाहिलं. शेवटी आईने मला कोपराने ढोसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, गच्चीवर पत्रा घालणार नाही." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आई मात्र रडता रडता पुटपुटली, "जातानाही स्वतःचंच खरं केलं." दादा आता पुण्याला असतो, रविवारी फोन करतो. कावळ्याला माणसं कळत असावीत.

तो शब्द मी आजवर पाळला. पण आता आईची छाती साथ देत नाही. तिच्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरत असतं आणि वरचा स्लॅब दुपारपासून असा तापतो की रात्रीपर्यंत निवत नाही. एसी लावावा तर वीजबिल बघवत नाही. शाळेत शिकवून आले की तिचं जेवण, औषधं, पाठ पुसून देणं, अंथरूण बदलणं, आणि मध्येच लाइट गेली तर धावाधाव. पॅनेलं उंच लोखंडी सांगाड्यावर बसतील, त्यांची सावली पडेल, आईची खोली जरा गार राहील, बिलही उतरेल. म्हणजे पत्राच की, बाबा. दुसऱ्या नावाचा. याचं मला वाईट वाटतं, आणि खरं सांगायचं तर आता वाईट वाटून घ्यायचाही कंटाळा आलाय. आईला सांगितलं तर नाकातली नळी सावरत ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "कळव तुझ्या बाबांना. म्हणावं, घातला एकदाचा." म्हणून कळवतेय.

मागच्या आठवड्यात मापं घ्यायला आलेला माणूस जवळच्याच गावचा. खाटेला पाय लावून म्हणाला, "ताई, ही खाट खाली न्या. आमी सगली गच्ची धरलीय, कोपरा पन सोडला नाय."

"तो पलीकडचा कोपरा सोडा," मी म्हटलं.

"मंग एक पॅनेल कमी बसंल."

"बसू दे."

"तितं काय करनार?"

"पापड वाळवते."

या घरात पापड वाळून किती वर्षं झाली, ते आईला विचारावं लागेल. त्याने खडूने त्या कोपऱ्यावर फुली मारली. खाटेपुरतीच जागा आहे, वर मोकळं आभाळ. आईला मी सांगितलं, तेवढी बाबांची म्हणून ठेवली. तिचे डोळे भरून आले. माझा हात धरून म्हणाली, "शब्दाची पक्की आहेस हो."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहायला हरकत नाही. ती जागा मी तुमच्यासाठी ठेवली नाही, बाबा. मला हवी आहे. आज सगळं सामान उतरवून झाल्यावर पुन्हा वर गेले, चपला खाटेखाली जोडीने ठेवल्या आणि उताणी पडले. खालून आईने हाक मारली. मला ऐकू आली. थोडा वेळ मी ओ दिली नाही.