एका टॅबपुरता रुसवा

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार (कागदावरून घातला आहे, तेव्हा पाय मागे घेता येणार नाहीत).

गुडघा कसा आहे? मामी फोनवर 'बरा आहे' म्हणते, पण ती तुमच्या शेजारी बसूनच बोलत असल्यामुळे माझा पूर्ण भरवसा बसत नाही. मी मजेत आहे. ऑफिसातल्या एका कामाने मला भलतंच शहाणपण आलंय, म्हणून हा पत्रप्रपंच.

आम्ही छापखान्यांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम करतो. एका खिडकीत बरेच टॅब, एकेका टॅबमध्ये एकेका गिऱ्हाईकाचं काम. आजवर कुठल्याही टॅबमध्ये 'हे पान पुसायचं का?' अशी चौकट उगवली, की उत्तर मिळेपर्यंत बाकीचे टॅबही ठप्प. गिऱ्हाईक घरी बायकोला विचारायला जाणार आणि तोवर अख्खा छापखाना हातावर हात ठेवून बसणार! मी म्हटलं, ज्याची चौकट त्याच्या टॅबपुरती. शेजारच्यांनी आपापलं काम करावं. तसं केलंही. साहेबांनी ते एका छापखानेवाल्याला ऐटीत दाखवायला घेतलं. पहिल्या टॅबमध्ये चौकट तशीच लटकत ठेवली, दुसऱ्यात मजकूर टाइप केला आणि पेटी वाजवल्यासारखं एंटर दाबलं. ते एंटर (चूक माझीच) पहिल्या टॅबमधल्या चौकटीने झेललं, 'हो' समजून. छापखानेवाल्याने हौसेने आणलेलं लेकीच्या दवाखान्याचं माहितीपत्रक साफ पुसलं गेलं. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता म्हणे. मी टेबलाखाली वायर तपासत होतो. आता चौकट फक्त आपल्याच टॅबमधलं ऐकते. माहितीपत्रक मी पुन्हा टाइप करून दिलं आणि छापखानेवाल्याने वर चहा पाजला.

तो चहा पिताना तुमची आठवण झाली. तुमच्या निवृत्तीच्या समारंभातल्या भाषणाला मी 'जरा लांबलं' म्हणालो. तुम्हाला राग आला, कबूल. पण त्या एका रागापायी फोन बंद, रविवारची चक्कर बंद, फोनवरचं बुद्धिबळही बंद! मामा, मला करमत नाही हो.

मामीला नमस्कार.

तुमचाच
भाचा

ता. क. आपला अर्धा डाव जेवणाच्या टेबलावर तसाच मांडून ठेवलाय, त्यामुळे मी ताट मांडीवर घेऊन जेवतो. चाल तुमची आहे. तेवढी कळवा.

आणखी एक ता. क. भाषण लांबलंच होतं. त्या टॅबमध्ये तुम्ही म्हणाल तेवढं भांडू. पण इकडे तुमचा वजीर माझ्या घोड्याच्या तोंडाशी उभा आहे, आधी तो हलवा.